निवाडा देणारे आपण कोण?

कोवळ्या वयातील मुलाने स्वतःचे जीवन संपवले की आपल्या धर्मग्रामात दोनच आवाज उठतात: एक कुजबुजीचा, दुसरा निवाड्याचा. ‘महापाप केले, त्याला मिस्सा कसली?’ असे विचारणारे आपल्याच बाकांवर बसतात. त्यांना आमचे उत्तर ख्रिस्तसभेच्याच शिकवणुकीतून आहे.

१९१७ च्या धर्मसभा-कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यात ती बंदी उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने जीवन हे देवाचे दान असून ते संपवणे गंभीर दोष आहे, हे ठामपणे सांगितले. परंतु तीव्र मानसिक व्यथा, भय वा यातना यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते आणि तिच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, हेही सांगितले. देशाचा कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्यास शिक्षेऐवजी उपचाराचा अधिकारी मानले. मग दगड आपल्याच हातात का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत अधिक. याचे खापर केवळ परीक्षेवर फोडणे सोपे आहे. घरातील कलह, अपमान, प्रेमभंग, व्यसन अशी अनेक ओझी एकत्र येतात, आणि त्यांच्या तळाशी पुष्कळदा नैराश्य असते. नैराश्य हा आजार आहे. श्रद्धेची उणीव नव्हे.

येथे निजामपुऱ्यात यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. धागा तुटला की कारागीर माग थांबवतो आणि गाठ मारतो. धाग्याला दोष देत नाही. आपले मूल अबोल झाले, जेवणझोप उडाली, आवडीच्या वस्तू वाटू लागले, ‘माझा कुणाला उपयोग नाही’ म्हणू लागले, तर आपण काय थांबवतो?

‘विषय काढला तर नसते विचार डोक्यात शिरतील,’ असे पालक म्हणतात. हा समज चुकीचा आहे. ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे मायेने विचारल्याने मन हलके होते, मदतीची वाट उघडते. एलिया संदेष्ट्यानेही रानात झुडपाखाली मरण मागितले होते. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवले.

आम्ही धर्मगुरूही दोषी आहोत. सणाच्या दिवशी गुणवंतांना व्यासपीठावर बोलावले. नापास झालेल्याच्या दारी मात्र गेलो नाही. येत्या निकालाच्या दिवशी प्रथम त्याच दारी जाऊ या. मन खचलेल्या मुलाला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

आणि ज्या घरावर हा आघात झाला आहे, तेथे निवाडा घेऊन जाऊ नका. भाकर घेऊन जा.