मांसाची मागणी आणि क्रयशक्ती

अमेरिकेत दरडोई वर्षाला शंभर किलोहून अधिक मांस लागते. भारतात दहा किलोही नाही. या तफावतीवरून भारतीय समाज धर्मानेच शाकाहारी असल्याचा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तो टिकणारा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ७० टक्के स्त्रिया व ८० टक्क्यांहून अधिक पुरुष मासे, कोंबडी वा मांस कधी ना कधी खातात. खरा प्रश्न, ते किती वेळा विकत घेऊ शकतात, हा आहे. इच्छेला पैशाची जोड मिळाली तरच बाजार तिला मागणी म्हणतो. रिकाम्या खिशाची भूक त्याच्या खतावणीत चढत नाही.

चीनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९६० च्या दशकारंभी तेथे दरडोई पाच किलोहूनही कमी असलेले प्रमाण आज साठ किलोंच्या वर गेले आहे. चिनी माणसाची डुकराच्या मांसाची आवड जुनीच. वाढली ती मिळकत. त्या डुकरांच्या चाऱ्यासाठी चीनला वर्षाला सुमारे दहा कोटी टन सोयाबीन आयात करावे लागते, आणि त्याची किंमत ब्राझीलची भूमी मोजते.

समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटींनाही हा हिशेब चुकला. मांस, लोणी व दूध यांत अमेरिकेला गाठण्याची घोषणा ख्रुश्चेव्ह यांनी १९५७ मध्ये केली. पाचच वर्षांनी, १ जून १९६२ रोजी, मांस व लोण्याचे भाव वाढवावे लागले. नोवोचेर्कास्कच्या कामगारांनी संप पुकारला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. पोलंडमध्ये १९७०, १९७६ व १९८० अशा तिन्ही वेळी असंतोषाची ठिणगी पडली ती अन्नाच्या, मुख्यतः मांसाच्या, भाववाढीने. ग्दान्स्कच्या संपकऱ्यांच्या एकवीस मागण्यांत मांसाच्या शिधापत्रिकांचीही मागणी होती. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात कामगाराला हे मागावे लागावे, यापरते अपयश कोणते? तेथे मजुरी हाती होती, दुकानात माल नव्हता. येथे दुकानात माल आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी बैलापर्यंत विस्तारली आणि मटणाहून स्वस्त असे एक मांस गरिबांच्या बाजारातून उठले. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत मात्र देश अग्रेसर आहे. शालेय पोषण आहारात २०२३ मध्ये आलेल्या अंड्याचा निधीही राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये थांबविला. अंडे द्यायचेच तर शाळांनी ते लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगण्यात आले. ज्या वस्त्यांतील मुलांना त्या अंड्याची सर्वाधिक गरज, तेथे वर्गणी कोणाकडून गोळा व्हावी, याचा खुलासा सरकारनेच करावयास हवा.