आयर्लंडचे वणवे आणि ओकची दिनदर्शिका

केरी परगण्यातील किलार्नी राष्ट्रीय उद्यानात एप्रिल २०२१ च्या अखेरीस भडकलेल्या वणव्याने सुमारे अडीच ते तीन हजार हेक्टर क्षेत्र होरपळून काढले. उद्यानाचा एकूण विस्तार दहा हजार हेक्टरांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हानीची कल्पना येते. वसंतातले कोरडे वारे सुटले की केरी, कॉर्क, विकलो येथील डोंगरांवर धूर दिसू लागतो आणि जुना वादही पुन्हा पेटतो. डोंगर जाळणे ही पिढीजात शेतकी रीत आहे की निव्वळ अविचार? नव्या गवतासाठी सह्याद्रीचे उतार पेटवले जाताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा वाद परका वाटणार नाही.

रीत खरोखर किती जुनी, हे झाडांना विचारता येईल काय? अमेरिकेच्या पश्चिम भागात तसे विचारता आले. आग बुंध्याला चाटून गेली आणि झाड वाचले, तर सालीखालचा वाढीचा थर एका बाजूने मरतो. पुढील वर्षांची वलये त्या जखमेवर कडेने वळत जातात. व्रण कोणत्या वलयात आहे हे मोजले की वणव्याचे वर्ष कळते, पुष्कळदा ऋतूही. टॉम स्वेटनम यांनी कॅलिफोर्नियातील महाकाय सेक्वोया वृक्षांवरून सुमारे दोन हजार वर्षांचा असा वृत्तांत १९९३ मध्ये मांडला.

वलयांच्या बाबतीत आयर्लंड मुळीच दरिद्री नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील माइक बेली आणि जॉन पिल्चर यांनी जुन्या इमारतींच्या तुळया व दलदलीत गाडले गेलेले ओक जुळवीत, जर्मन सहकाऱ्यांसह, ७,२७२ वर्षांची अखंड मालिका १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु तिच्यात वणव्यांचा शोध घ्यावा तर हाती फारसे काही लागत नाही. येथील आग प्रामुख्याने उघड्या माळावरची, गोर्स आणि हीदरच्या झुडपांतली. तिथे उगवू पाहणारे रोप जळूनच जाते. आणि व्रण राहायचा तर झाड जगावे लागते. ओलसर ओकवनात आग सहसा खोलवर शिरत नाही.

म्हणून येथील आगीची नोंद शोधावी लागते ती तळ्यांच्या गाळात आणि पीटच्या थरांत अडकलेल्या कोळशाच्या कणांतून. ट्रिनिटी कॉलेजच्या फ्रेझर मिचेल यांनी किलार्नीच्या ओकवनांचा इतिहास याच प्रकारच्या थरांतील परागकणांवरून उलगडला. या थरांचे वय रेडिओकार्बनने ठरते, आणि त्या वयाचे सनावळीत रूपांतर करणारे कोष्टक ज्या लाकडांवरून बेतले गेले त्यांत बेलफास्टचे ओकही आहेत. ज्या झाडांनी आग क्वचितच नोंदवली, त्यांच्यावरूनच आगीचा काळ ठरतो, हा योग मोठा मौजेचा आहे.

तथापि या साधनाची मर्यादा धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कोळसा दशकांच्या, कधी शतकांच्या भाषेत बोलतो. महिना सांगत नाही. आणि आयर्लंडमधला कायदेशीर वाद नेमका महिन्याचा आहे. १९७६ च्या वन्यजीव कायद्याचे ४० वे कलम १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात झाडोरा जाळण्यास मनाई करते. २०१८ च्या वारसा कायद्याने मार्चमध्ये प्रायोगिक सवलतीची तरतूद केली. परंपरेचा दाखला देऊन मार्च मागणाऱ्यांना पीट साथ देऊ शकत नाही, विरोधकांनाही नाही. तो निर्णय जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि आजचे हवामान पाहूनच करावा लागेल.

दुसरी अडचण अधिक तातडीची आहे. बोर्ड ना मोनाने व्यापारी पीट-उत्खनन २०२१ च्या जानेवारीत औपचारिकपणे थांबवले. गाडलेले अनेक ओक पीट कापतानाच वर आले होते, हेही मान्य केले पाहिजे. पण किलार्नीत जे जळाले त्यात मोठा वाटा पीटभूमीचा व ओल्या माळाचा होता, आणि कोरड्या ऋतूत आग पीटच्या पोटात शिरली तर कोळशाची जुनी नोंदही तिच्याबरोबर जाते. संशोधकांनी थरांचे नमुने काढून ठेवण्याआधीच.