बसऱ्याच्या आजीचं नाव

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या तासगावात मोडी वाचता येणाऱ्या माणसाला भलताच भाव आला आहे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघरच्या ट्रंका उघडल्या. माझ्या माहेरीही वंशावळ तयार झाली. माहेर तासगावपासून सहा-सात मैलांवर. भाच्याने ती लॅमिनेट करून सोप्यात लावली आहे. "आत्या, आठ पिढ्या निघाल्या!" असं त्याने मोठ्या कौतुकाने फोनवर सांगितलं, म्हणून मी मुद्दाम बघायला गेले.

शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. तेव्हा चष्मा लावून अगदी बारकाईने बघितलं. आठ पिढ्या आणि सगळे पुरुष. माझ्या आजोबांच्या शेजारी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव होतं. त्याच्याखाली पुढे रेघ नव्हती. कंसात एकच शब्द होता, 'निर्वंश'.

या धाकट्या आजोबांबद्दल घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. त्यांची बायको मात्र मी पाहिली आहे. १९६८ साली, मी अकरावीत असताना ती गेली. आम्ही मुलं तिला बसऱ्याची आजी म्हणायचो, मोठी माणसं बसऱ्याची काकू म्हणायची. पहाटे उठून गोठा, दिवसभर मळा आणि रात्री आम्हा पोराटोरांना गोळा करून गोष्टी, असा तिचा दिवस. तिचं नाव काय, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. आजीला वेगळं नाव असतं हे पोरांना कुठलं सुचायला! पण मोठ्यांनीही ते कधी उच्चारलेलं मला आठवत नाही.

तिचं नाव मला फार उशिरा सापडलं. त्या शोधाची सुरुवात झाली पार न्यूझीलंडमध्ये, तेही योगायोगाने.

माझी धाकटी मुलगी ऑकलंडला असते. २०१४ साली तिच्याकडे तीन महिने राहिले. शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, त्याही निवृत्त शिक्षिका. माझं इंग्रजी बेताचं, त्यांचं मराठी शून्य, पण दोन मास्तरणी एकत्र आल्या की भाषा फारशी आडवी येत नाही. मी भारतातून, त्यातही मुंबईच्या बाजूची, हे कळल्यावर त्यांनी एक जाडजूड फाइल आणून माझ्यापुढे ठेवली. त्यांचा एक पूर्वज इंग्लंडमधल्या खेड्यातला. फौजेत भरती झाला, मुंबई इलाख्यात नोकरी केली, पेन्शनीत निघाला आणि पुढे बायकामुलांसकट न्यूझीलंडला जाऊन राहिला.

इंग्रज सरकारने १८४७ पासून पेन्शनीत निघालेल्या शिपायांची एक तुकडीच न्यूझीलंडला वसवायला नेली होती. त्यांना फेन्सिबल म्हणत. सुमारे सातशे शिपाई आणि त्यांची कुटुंबं, मिळून अडीच हजारांच्या आसपास माणसं. ऑकलंडभोवती हॉविक, ओनेहुंगा, पॅनम्युर, ओटाहुहू अशी चार गावं त्यांच्यासाठी वसवली. सात वर्षं नेमून दिलेली हजेरी द्यायची, रविवारी हत्यारासह चर्चच्या परेडला जायचं आणि मुदत संपली की राहतं घर आणि एक एकर जमीन आपली. हॉविकला त्या काळची घरं जपून ठेवली आहेत, मुलीने मला ती दाखवलीही.

बाईंच्या फाइलीत काय नव्हतं! शिपायाच्या सुटकेचा कागद लंडनच्या सरकारी दफ्तरातून मिळालेला. त्यात त्याचं गाव, भरतीपूर्वीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग. हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद. इथल्या चर्चमधल्या अशा नोंदींच्या नकला तेव्हा इंग्लंडला पाठवत, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मग जहाजावरची यादी, तीत बायकोचं आणि प्रत्येक पोराचं नाव. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या साध्या शिपायाच्या डोळ्यांचा रंग त्यांना ठाऊक, आणि मला माझ्या आजीचं नाव ठाऊक नाही.

तरी मास्तरणीची खोड जात नाही. मी विचारलं, "ती एक एकर आधी कुणाची होती?" बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माओरींची. पण माझ्या फाइलीत ते पान नाही." त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. फाइल कितीही जाड असली तरी तीत एखादं पान नसतंच, हे मी तिथे शिकले.

परत आल्यावर शोधाला लागले. युद्धात गेलेल्या शिपायांच्या थडग्यांची आणि स्मारकांची व्यवस्था बघणारा राष्ट्रकुलाचा एक आयोग आहे. तो १९१७ साली स्थापन झाला. त्याची सगळी नोंदवही आता कुणालाही घरबसल्या बघता येते. नातवाला शेजारी बसवून सुरुवात केली. पहिले काही दिवस काहीच हाती लागलं नाही. मग आपल्याच विषयाची आठवण झाली! पहिल्या महायुद्धाच्या काळी तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणजे सांगली म्हणून कितीही शोधलं तरी व्यर्थ. सातारा घातल्यावर नावं दिसू लागली. एकाच नावाची सहा-सात माणसं निघाली आणि इंग्रज कारकुनाने आपल्या गावांच्या स्पेलिंगची केलेली दैना तर विचारू नका. शेवटी बापाचं नाव आणि गाव दोन्ही जुळणारा एकच माणूस उरला. आमच्याकडे हेळवी यायचा, त्याच्या चोपडीवरून वडिलांनी उतरवून घेतलेल्या नावांशी ते ताडून बघितलं. बरोबर निघालं.

शिपाई, एकशे दहावी मराठा पलटण, मृत्यू १९१६. अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तासगाव, सातारा. आणि त्यापुढे, अमुक हिचा पती.

तेच तिचं नाव. अगदी साधं, त्या काळी वाड्यावाड्यांत असायचं तसं. तिला जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर मी ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

एकशे दहावी आणि १९१६ म्हटल्यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुढचं कळतं. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली होती. तिच्यात एकशे तीन, एकशे दहा आणि एकशे सतरा या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. अन्न संपलं, घोडे मारून खाल्ले आणि शेवटी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून पायी चालवत त्यांना तुर्कांच्या कैदेत नेलं. कितीतरी जण वाटेत आणि रेल्वेच्या कामावर मेले. आमचे आजोबा वेढ्यात गेले की कैदेत, हे त्या दोन ओळींत नाही.

ज्यांना थडगंही मिळालं नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचं. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून शहरापासून लांब, वाळवंटात नेऊन उभारलं. त्या दगडावर इंग्रज शिपायाचं नाव आहे. आपल्यापैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा, नावं वेगळ्या नोंदवहीत. सगळ्यांना सारखी वागणूक द्यायची, हे त्या आयोगाचं पहिल्यापासूनचं तत्त्व होतं बरं का! २०२१ मध्ये आयोगाच्याच समितीने या भेदभावाचा अहवाल दिला आणि माफीही मागितली गेली. एक लाखाहून अधिक मृतांची नावानिशी नोंद कुठेच झाली नाही, असं त्यात कबूल केलं आहे.

हे वाचून मला संताप आला. पण दोन-तीन दिवसांनी तो माझ्याच घराकडे वळला. साहेबाने आमच्या आजोबांना दगडावर आकडा केलं, हे खरं. पण त्याच साहेबाच्या वहीने आजीचं नाव जपलं. आणि आम्ही? आजोबांचं नाव वंशावळीत ठेवलं, आजीला गाळलं आणि दोघांच्या मिळून संसारावर 'निर्वंश' असा शिक्का मारला.

हे लिहायला हात जड होतो, पण तिची पेन्शन यायची. पोस्टमन दारात यायचा, आजी अंगठा उठवायची आणि पैसे आजोबा मोजून घ्यायचे. त्याच पैशांतून मळ्यातली विहीर पाडली, असं आमच्या वडिलांनी मला शेवटच्या आजारपणात सांगितलं. त्याच विहिरीच्या पाण्यावर शाळू गेला, ऊस आला आणि आता द्राक्षबाग उभी आहे. त्या विहिरीच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव कधीच लागलं नाही. तेव्हाच्या कायद्याने एकत्र कुटुंबातल्या विधवेला फक्त पोटगी मिळायची. विधवांना हिस्सा देणारा कायदा १९३७ साली आला, पण त्याआधीच नवरा गेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे आमच्या आजोबांनी बेकायदा काही केलं नाही. सगळं रीतीने झालं, आणि मला तेच जास्त टोचतं.

मी तरी कुठे वेगळी? वडील गेल्यावर १९९१ साली मीही हक्कसोडपत्रावर सही केली. माहेर तुटू नये म्हणून करतात, तशीच. आजीचा अंगठा आणि माझी सही, मधल्या काळात एवढाच फरक पडला. त्याचं मला आज दुःख आहे असं नाही, भाऊ चांगले आहेत. पण बी.ए. झालेल्या इतिहासाच्या बाईंनी सही करताना हा विचारही केला नव्हता, याची लाज वाटते.

म्हणून पूर्वज शोधणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. आपण शोधायला बसतो ते बहुधा काहीतरी मिळवायला. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला सरदार-पाटील हवा असतो, कुणाला नुसती आठ पिढ्यांची ऐट हवी असते. मिळवा, माझी हरकत नाही. पण कुठलीही एकच वही पुरी नसते. लष्कराची वही, हेळव्याची चोपडी, सातबारा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, ही चारही शेजारी ठेवली की एकीत गाळलेलं माणूस दुसरीत सापडतं. आणि असं माणूस सापडलं की त्याचं आपल्यावर काय देणं आहे, तेही कळतं. ते देणं आता फेडता येत नाही. निदान मान्य तरी करता येतं.

भाच्याला मी म्हटलं, "तो निर्वंश शब्द काढ आणि तिचं नाव लिही." तो म्हणाला, "आत्या, दाखल्याला त्याचा काही उपयोग नाही." बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, "विहिरीला पाणी आहे ना? तो उपयोग तुझा आठ पिढ्यांच्या दाखल्याआधीचा आहे." तो काही बोलला नाही. गेल्या महिन्यात गेले तेव्हा लॅमिनेशनवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली दिसली. त्या शब्दाच्या जागी पेनाने आजीचं नाव लिहिलं होतं. अक्षर वेडंवाकडं आहे, पण शुद्धलेखन बरोबर आहे. मी मार्क दिले.

तुमच्याही घरात अशी कुणी 'अमक्या गावची काकू' किंवा 'मळ्यातली आजी' होऊन गेली असेल. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच तिचं नाव विचारून ठेवा. माझ्या वेळी ते सांगायला कुणी उरलं नव्हतं, मला ते बसऱ्याहून आणावं लागलं.