रानचीं तेलें आणि त्वचेचे रोग

आषाढ लागला म्हणजे मुळशी तालुक्यांत भाताच्या आवणीची घाई उडते. दिवसचा दिवस पाय चिखलांत, अंगावरचें वस्त्र ओलें, आणि चुलीपुढें वाळत घातलेले कपडे दुसरे दिवशींहि दमटच. ह्याच दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कमरेस नायटा व मनगटास खरूज दिसूं लागते, आणि घरोघर कोनाड्यांतील करंजेलाची बाटली खालीं येते. कोणी ह्या तेलांस रामबाण म्हणतात, कोणी त्यांस अडाणीपणा म्हणून हसतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष विचाराचा कंटाळा करितात.

सह्याद्रीच्या रानांतील कडू कवठाचें उदाहरण घ्यावें. त्याच्या बियांचें तेल व त्याच कुळांतील चौलमुग्र्याचें तेल कुष्ठरोगावर पूर्वापार वापरीत. पोटांत घ्यावें तर ओकारी येई, सुईनें टोंचावें तर तें फार दाट. १९१५ सालीं हवाई बेटांत ॲलिस बॉल ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं तें टोंचण्याजोगें केलें. पुढें १९४० नंतरच्या दशकांत डॅप्सोन हें औषध प्रचारांत आलें, १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सांगितली, आणि तेल मागें पडलें. त्या तेलाची कोणी पूजा केली नाहीं, थट्टाहि केली नाहीं. त्याची परीक्षा झाली, मात्रा ठरली, व अधिक गुणकारी औषध मिळतांच तें बाजूस ठेवण्यांत आलें. हाच न्याय सर्व तेलांस लावावा.

वनस्पतीचें म्हणून निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. बिब्बाहि वनस्पतिच, परंतु त्याच्या तेलानें कातडी भाजून फोड उठतात, हें आमच्या शेतकरी बांधवांस सांगावयास नको. निंबोळीचें तेल तान्ह्या मुलांस पाजल्यानें वांत्या, झटके व बेशुद्धि येते, असें मलेशियांतील डॉक्टरांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. जें अंगास लावावयाचें तें पोटांत देऊं नये.

तथापि तेलापेक्षांहि विलंब अधिक घातक होय. अंगावर फिकट चट्टा उठला व त्या जागीं स्पर्श कळेनासा झाला, तर तो कुष्ठरोगाचा आरंभ असूं शकतो. त्यावर सहा महिने करंजेल चोळीत बसल्यास तेवढ्या अवधींत मज्जातंतु कायमचे निकामी होऊं शकतात. आणि ह्या रोगाचीं औषधें तर सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात! खरूज सूक्ष्म किड्यामुळें होते. एकट्या मुलास तेल लावून पांघरूण मात्र सर्वांनीं एकच घेतलें, तर ती घरांतल्या घरांत फिरत राहते; उपचार सर्वांनीं एकाच वेळीं केला पाहिजे.

ह्यावरून दुकानांतून मनानें आणलेली नळी बरी, असेंहि कोणी समजूं नये. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमानें खाज दोन दिवसांत थांबते, परंतु बुरशी पसरतच जाते. औषधांस दाद न देणारा नायटा अलीकडे भारतभर वाढला, त्याचें हें एक कारण मानलें जातें.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं जाऊन आजीच्या हातची बाटली हिसकावून घेऊं नये. आजीनें ती मायेनेंच उघडलेली असते. त्यांनीं पाय धुऊन बेचकीं कोरडीं करावींत. तेल प्रथम हातावर थोडेंसें लावून एक दिवस वाट पहावी. वाहत्या जखमेस व तान्ह्या बाळास तें लावूं नये. आणि पंधरा दिवसांत गुण न आला, किंवा पू, ताप वा बधिरपणा दिसला, तर त्याच दिवशीं आजीस बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावें. रोग कोणता, तेल कोणतें, आणि वाट किती दिवस पहावयाची, हे तीन प्रश्न घरांत विचारण्याचें धैर्य ज्यास आलें, त्याचें शिक्षण कारणीं लागलें असें आम्ही म्हणूं.