'रिमार्क्स' कॉलम उडवू नका

युरोपातल्या जंगलांत पावसानंतर मेलेल्या फांद्यांवर एक पिवळाधमक गोळा उगवतो. मेंदूसारख्या वळ्या, हात लावला तर लिबलिबीत. नाव ट्रेमेला मेसेंटेरिका. हर्बेरियमसाठी वाळवला की पाणी उडतं आणि लाकडाच्या ढलपीला चिकटलेली एक खपली उरते. स्कॅन केली तर स्क्रीनवर नुसता डाग.

मग आमच्या जमातीतला कुणीतरी म्हणतो, एवढे भारी फोटो मिळत असताना ही पाकिटं कशाला सांभाळायची? नाव, ठिकाण, तारीख एंटर करा, विषय संपला.

संपत नाही. ही बुरशी लाकूड खातच नाही. ती त्या लाकडावरच्या दुसऱ्या बुरशीवर जगते, पेनिओफोरावर. तिच्यासारखीच दिसणारी ट्रेमेला ऑरांशिया जगते स्टेरियम हिर्सुटमवर. दोघी पिवळ्या, दोघी सुरकुतलेल्या, त्यामुळे जुन्या नोंदींत दोघींची सरमिसळ झालेली. आता ती निस्तरायची कशी? फोटो बहुतेकदा त्या देखण्या गोळ्याचाच असतो. पाकिटात मात्र ढलपी असते, आणि नशीब असेल तर तिच्यावर यजमान बुरशीही. खपलीवर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा फुगते, सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. फोटोवर पाणी टाकून बघा.

अमेरिकेतल्या कानासारख्या जेली-बुरशीचंही तेच. वर्षानुवर्षं तिला युरोपातलंच नाव होतं, ऑरिक्युलॅरिया ऑरिक्युला-जुडे. आता सूचिपर्णी झाडांवरची ती अमेरिकाना, रुंद पानांच्या झाडांवरची अँजिओस्पर्मारम. हे दुसरं नाव तर 2015चं. लेबलवर झाडाचं नाव असेल तर जुनी पाकिटं निदान ढोबळपणे वेगळी काढता येतात. 'मेलेल्या लाकडावर' एवढंच असेल तर बसा.

आणि हे झाडाचं नाव डेटाबेसमध्ये कुठे जातं? बऱ्याचदा 'रिमार्क्स'मध्ये. बहुतेक ओळींत रिकामा, उरलेल्यांत वाट्टेल ते भरलेलं, म्हणून डेटा 'स्वच्छ' करताना पहिला बळी त्याचाच. मी स्वतः नोकरीत असा एक कॉलम ड्रॉप केलाय. काय गेलं ते तीन महिन्यांनी कळलं.

हर्बेरियमवाले आपल्यापेक्षा शहाणे. नाव बदललं तरी ते जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, शेजारी नवी चिकटवतात, कुणी आणि कधी ठरवलं त्यासकट. गिटच्या कितीतरी आधीचं गिट. आणि आपण त्याच्यावर अपडेट क्वेरी चालवून फक्त शेवटचं नाव ठेवणार?

फेब्रुवारी 2024मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने आपलं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं. सव्वाआठ लाख नमुने, आता दुसरीकडे जागा शोधा. 'सगळं ऑनलाइन आहेच ना' हे वाक्य अशा वेळी फार सोयीचं पडतं, आणि ते खरं वाटावं अशी चकचकीत पोर्टलं आपणच बांधून देतो.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर हर्बेरियम आहे, खास बुरशीचं. उद्या अशा एखाद्या संग्रहासाठी फॉर्म बनवायचं काम तुमच्याकडे आलं, तर लेबल जसंच्या तसं टाइप करायला एक फील्ड ठेवा. यजमानासाठी दुसरं, वेगळं. आणि पाकीट कुठल्या कपाटात आहे, त्यासाठी तिसरं.