डायवरचं नाव

भोसरीच्या एमआयडीसीत माझ्या दिरांचं छोटं प्रेस शॉप आहे. चार पॉवर प्रेस, एक ग्राइंडर, वर पत्र्याची शेड आणि मागच्या भिंतीला लागून लोखंडी मांडणी. मांडणीवर डाय, म्हणजे पत्रा कापायचे-वळवायचे साचे, ठेवलेल्या असतात, ग्रीस लावून, गोणपाटाखाली झाकून. २००८च्या दिवाळीनंतर हिशेबाच्या वह्या लिहायला मी रोज तिथं जात होते. ऑक्टोबरात एका मोठ्या कंपनीचं महिन्याला बारा हजार ब्रॅकेटचं शेड्यूल होतं, डिसेंबरात ते शून्यावर आलं. आगाऊ आणलेला पत्रा गंजायला लागला, तयार माल क्रेटमध्ये पडून राहिला, आधीच्या मालाचं पेमेंट अडकलं. दोन ऑपरेटर गावी निघून गेले. एका दुपारी न राहवून मी म्हटलं, “भाऊजी, निदान या डाय तरी भंगारात काढा, बँकेचा एक हप्ता सुटेल.” त्यांनी गोणपाट बाजूला केलं, बोटानं ग्रीस पुसलं. खाली पिवळ्या रंगात कंपनीचं नाव आणि नंबर होता. “वहिनी, डाय आपल्याकडं आहे, पण आपली नाही. नाव त्यांचं आहे तिच्यावर.”

त्याच दिवसांत अमेरिकेत जनरल मोटर्स (जीएम), फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख सरकारकडं मदत मागायला वॉशिंग्टनला गेले होते. नोव्हेंबरात ते खासगी विमानांनी आले आणि २५ अब्ज डॉलर मागितले. लोक खवळले. पेट्रोल महागलं तरी अवजड गाड्याच बनवत राहिलेल्या, वर्षानुवर्षं तोटा दाखवणाऱ्या कंपन्यांना आमचा कर का द्यायचा, हा प्रश्न तिथल्या शाळेतल्या शिक्षिकेनं, बस ड्रायव्हरनं विचारला तर तो रास्तच होता. सिनेटनं डिसेंबरात प्रस्ताव अडवला. शेवटी अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या निधीतून १७.४ अब्ज डॉलर जीएम आणि क्रायस्लरला द्यायचं १९ डिसेंबरला जाहीर केलं.

मला विचाराल तर ते पैसे द्यायलाच हवे होते. कंपन्यांना दिवाळं काढू द्या, असं रिपब्लिकन नेते मिट रॉम्नी यांनी तेव्हा लिहिलं होतं. पण दिवाळखोरीत गेलेला कारखाना चालू ठेवायलाही रोख पैसा लागतो, आणि त्या हिवाळ्यात तो द्यायला कुठलीच बँक तयार नव्हती. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती फोर्डची भूमिका. फोर्डनं स्वतः हे पैसे घेतले नाहीत, तरी प्रतिस्पर्ध्यांना मदत मिळावी म्हणून तिचे प्रमुख ॲलन मुलाली काँग्रेससमोर बोलले. प्रेस शॉपमध्ये चार दिवस बसलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. एकच व्हेंडर दोन-तीन कंपन्यांना माल देत असतो. एकीनं त्याला बुडवलं की दुसरीची लाइनही थांबते.

पुढं ओबामा सरकारनं जे केलं त्यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो. जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना मार्च २००९ मध्ये जायला सांगितलं. १ जूनला कंपनी दिवाळखोरीत गेली, ४० दिवसांत नवी कंपनी उभी राहिली आणि तिचे ६०.८ टक्के शेअर अमेरिकी सरकारच्या नावावर झाले. कामगारांच्या आरोग्य निधीला १७.५ टक्के मिळाले. म्हणजे डायवर नाव घातलं गेलं.

उरलेला अर्धा भाग मात्र मला अजून टोचतो. नवीन भरती झालेल्या कामगाराला शेजारी उभ्या असलेल्या जुन्या कामगाराच्या साधारण निम्म्या पगारावर घेतलं जाऊ लागलं. एकाच लाइनवर, एकाच कामाला. आणि सरकारनं डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअर विकले तेव्हा जीएममध्ये घातलेल्या सुमारे ५० अब्ज डॉलरपैकी १० अब्जांहून अधिक परत आलेच नव्हते. हा तोटाही मी पदरात घेईन, लाखो घरांच्या चुली त्यावर चालू राहिल्या असतील तर. पण शेअर गेले तसा सरकारचा शब्दही गेला. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात सप्टेंबर २००९ मध्ये ओबामांनी कामगारांसमोर भाषण केलं होतं. मार्च २०१९ मध्ये जीएमनं तिथलं उत्पादन थांबवलं. कंपनी वाचली, ते गाव उघड्यावर पडलं.

तळेगावकरांना हे वेगळं सांगायला नको. जीएमचा तळेगावचा कारखाना सुरू झाला तोच सप्टेंबर २००८ मध्ये. अमेरिकी करदात्याच्या पैशानं तगलेल्या त्या कंपनीनं २०१७च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादनही बंद केलं. जागा चिनी ग्रेट वॉल कंपनीला द्यायचं ठरलं, ते फिसकटलं. २०२३ मध्ये ह्युंदाईनं जागा आणि यंत्रं घेण्याचा करार केला. काम टिकावं म्हणून कामगारांचं भांडण कोर्टात आणि फाटकाबाहेर चालूच राहिलं. जमिनीला गिऱ्हाईक मिळालं, मशिनरीला मिळालं. बारा वर्षं त्या लाइनवर उभ्या राहिलेल्या पोरांचं काय करायचं, हे मात्र कुणी आधी लिहून ठेवलं नव्हतं.

आपल्याकडं बुडत्या मोटार कंपनीला खजिन्यातून थेट पैसे देण्याची वेळ क्वचित येते, म्हणून हा प्रश्न परका वाटतो. तो परका नाही. कारखाना आणताना राज्य त्याला करपरतावा देतं, मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्क माफ करतं. तोही तुमचा-माझा पैसा. मंदीतही केंद्रानं डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवलं, आणि जानेवारीत शहरांना नव्या बस घ्यायला निधी देऊ केला. बसचा तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. कारखान्याला काम मिळालं, आणि स्टॉपवर ताटकळणाऱ्या माणसाला गाडी मिळाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. द्या, पण पहिला हप्ता व्हेंडरच्या थकलेल्या बिलांना जाऊ द्या, कारण खालची शेड आधी बंद पडते. पैशाच्या प्रमाणात शेअर घ्या आणि घाईनं विकू नका. आणि कारखाना विकायची वेळ आलीच, तर जमिनीबरोबर तिथला कामगारही नव्या मालकाकडं जाईल हे पहिल्या करारातच लिहा. कंपन्यांना असले करार जमत नाहीत, असं मला कुणी सांगू नये.

आमचे ब्रॅकेट ज्या गाडीला लागायचे, तिचं मॉडेल २०११ मध्ये बंद झालं. भाऊजींचं जुनं पेमेंट तोवर तुकड्यातुकड्यांनी आलं होतं, थोडं शेवटपर्यंत आलंच नाही. एका सकाळी कंपनीचा माणूस टेम्पो आणि यादी घेऊन आला. एकेक डाय काढून, ग्रीस पुसून, नंबर ताडून त्यानं खुणा केल्या. सोळापैकी एक सापडेना. ती ग्राइंडरमागच्या पत्र्याखाली मिळाली तेव्हा दिवेलागण झाली होती. तोवर टेम्पो शेडच्या दारातून हलला नव्हता.