आमच्या घराला पत्ता नाही

परवा इंदूरहून आत्याचा फोन. "अरे, तू पाठवलेलं ते काही उघडत नाही बघ. नुसतं गोल गोल फिरतंय." आत्या ८४ वर्षांची आहे आणि तिला तिच्या भावाचा आवाज ऐकायचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, दर गुरुवारी नाशिकच्या घरी भजनाला बसत आणि शेजारी टेपरेकॉर्डर चालू करून ठेवत. अशा ४३ कॅसेट निघाल्या. गेल्या पावसाळ्यात मी त्या एकेक करून संगणकावर उतरवून घेतल्या, एका जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन हे मुक्त सॉफ्टवेअर टाकलं आणि आमचं घरगुती आकाशवाणी केंद्र सुरू झालं. हॉलमध्ये टीव्हीवर लावा, स्वयंपाकघरात फोनवर ऐका, सगळं झकास. फक्त उंबरठ्याबाहेर काही जाईना.

आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. (बहुतेक वेळा तसंच असतं.) फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघितलं, नाही. राऊटरमध्ये लॅपटॉपला कायमचा अंतर्गत पत्ता बांधून दिला, ८०९६ क्रमांकाचं पोर्ट त्याच्याकडे वळवलं, तरी नाही. लॅपटॉपची फायरवॉल क्षणभर बंद केली, तरीही नाही. दोन रात्री यात गेल्या. तिसऱ्या रात्री जे पहिल्या पाच मिनिटांत बघायला हवं होतं ते बघितलं. राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून दिसणारा आकडा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही वेगळे! राऊटरचा आकडा १००.७२ ने सुरू होत होता.

इथे मेख आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवले गेले, इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. या प्रकाराला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. समजा, तीनशे फ्लॅटची सोसायटी आहे, पण पोस्टाला पत्ता फक्त गेटचा माहीत आहे. तुम्ही आतून काही मागवलंत तर वॉचमन वहीत लिहून ठेवतो आणि आलेला माल बरोबर तुमच्या दारी पाठवतो. पण पाहुणा आपणहून आला, की तो म्हणतो, "मला कोणी सांगितलं नाही," आणि त्याला गेटवरूनच परत पाठवतो. माझी आत्या दोन दिवस त्या गेटवर उभी होती. मी मात्र आपल्या फ्लॅटचं दार सताड उघडं टाकून वाट बघत होतो.

कस्टमर केअरला फोन केला. "सर, तुमचा स्पीड एकदम ओके दाखवतोय." अहो, स्पीडबद्दल मी विचारलंच नाही. चौथ्या माणसाने सांगितलं की स्वतंत्र पत्ता हवा असेल तर वेगळा प्लॅन घ्या, महिन्याचे पैसे वेगळे. कनेक्शन देताना हे सांगितलं होतं का? नाही. पत्रकावर छापलं होतं का? तेही नाही. नंतर माझी तक्रार 'निवारण झाले' असा शेरा मारून बंद करण्यात आली.

आता दुसरी बाजूही खरी आहे, ती नाकारत नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, माणसं ८०० कोटींच्या वर. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तेव्हा एक पत्ता अनेकांत वाटण्यावाचून कंपन्यांपुढे फारसा इलाज नव्हता. पण यावरचं औषध, आयपीव्ही६, त्याच्याही आधी, १९९८ सालीच ठरलेलं आहे, आणि त्यात पत्ते इतके आहेत की घरातल्या प्रत्येक उपकरणाला वेगळा देता येईल. भारत तर ते वापरण्यात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. माझ्या लॅपटॉपलासुद्धा तसा पत्ता मिळालेला दिसतो. गंमत पुढे आहे. कंपनीने दिलेल्या राऊटरमध्ये आयपीव्ही६ वरून आत येणारं सगळं अडवलेलं, आणि तेवढं एक पोर्ट उघडायची सोयच ठेवलेली नाही. म्हणजे टंचाई संपली तरी कुलूप तसंच. माझं भांडण आहे ते या कुलपाशी.

कारण यामागे एक समज दडलेला आहे, की घरातला माणूस फक्त घेणारा. त्याला सिनेमे द्या, क्रिकेट द्या, रील द्या. त्याच्याकडे देण्यासारखं काय असणार? वेबचं मूळ बघितलं तर असं नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर लिहिला त्यात पानं वाचताही येत आणि लिहिताही येत. पहिला सर्व्हर म्हणजे सर्न संस्थेतला त्यांचा स्वतःचा संगणक, ज्यावर 'हा सर्व्हर आहे, बंद करू नका' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती. (आमच्या लॅपटॉपवरही आहे. कामवाल्या मावशी झाडताना प्लग काढत असत.)

हे सगळं ऐकून आमच्या भाचेमंडळींचं एकच उत्तर: "मामा, टाक ना सरळ यूट्यूबवर!" का म्हणून टाकू? त्या कॅसेटमध्ये अभंग आहेत तसं मधूनच आप्पांचं तबलजीवर डाफरणं आहे, शेजारच्यांचं घरगुती रडगाणं आहे, दोन आजीबाईंचं सुनांविषयीचं मनोगत आहे. ते चव्हाट्यावर मांडायचा मला अधिकार नाही. लिंक असणाऱ्यालाच दिसेल अशी सोय तिथे आहे, मान्य. पण ठेवायचं कुठे, किती दिवस आणि कोणत्या अटींवर, हे मग दुसरा ठरवणार. आप्पांच्या आवाजाआधी जाहिरात लागली तर आत्या काय म्हणेल, ते लिहवत नाही.

दुसरा गट सुरक्षावाल्यांचा. उघडं पोर्ट म्हणजे चोराला आमंत्रण, असं ते म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात. उघडं दार चाचपडत हिंडणारे बॉट्स रात्रंदिवस फिरत असतात. मी जे दोन रात्री केलं ते कोणी करू नये. पण ज्याला कुलूप लावायचं आहे त्याला किल्ली तर द्याल?

शेवटी टेलस्केल वापरलं. ते वायरगार्डवर चालतं. दोन्हीकडची यंत्रं आतून बाहेर हाक मारतात आणि मधला ओळख करून देतो. वॉचमनला वाटतं, आमच्याच माणसाने बोलावलंय. राऊटरमधलं पोर्ट पुन्हा बंद केलं. काम उत्तम होतं, मजकूरही कूटबद्ध राहतो. फक्त नाशिकहून इंदूरला, सख्ख्या आत्याकडे जाण्यासाठी कॅनडातल्या कंपनीची ओळख लागते, हे काही घशाखाली उतरत नाही.

इंदूरच्या आतेभावाने तिच्या टॅबवर सगळं बसवून दिलं. रात्री तिचा फोन आला, "अठराव्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते, ती वहिनीचीच ना?" हो, आईचीच.

तर ठाण्याचे काका, पुण्याची ताई आणि इतर वाचक मंडळी, आपापल्या राऊटरच्या पानावरचा वॅन आयपी बघा आणि बाहेरच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून कळवा. आकडे जुळत नसतील तर पोर्टच्या नादाला लागू नका, आधी मला फोन करा. कॅसेट क्रमांक ३१ मध्ये काका गायलेत. त्यांनी तरी ऐकायलाच हवं.